गप्प बसायला शिकलेला काटा

मोटारीचे सुटे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळात एका जुन्या गाडीत तापमानाचा काटा होता. इंजिन तापलं की तो लालकडे धावायचा. मालक रेगे त्याच्यावरच्या काचेवर बुक्की मारून ओरडायचे, "पुन्हा खोटं दाखवलंस तर उपटून फेकीन!"

मेस्त्री म्हणाला, "साहेब, काटा, वायर सगळं तपासलं. इंजिनच तापतंय." रेग्यांनी ऐकलं नाही.

एकदा घाट चढताना इंजिन कण्हलं, "काट्या, माझं अंग जळतंय. सांग त्यांना!"

काट्याला बुक्की आठवली. तो मधल्या खुणेवरच चिकटून राहिला.

"बघ, कसा सुधारला!" रेगे शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले.

तेवढ्यात बॉनेटमधून वाफ उसळली. खाडकन आवाज झाला आणि इंजिन कायमचं थांबलं.

"आधी सांगितलं का नाहीस?" म्हणत रेग्यांनी काचेवर पुन्हा बुक्की मारली.

काटा आणखी खाली सरकला.