म्हाळसाक्काच्या लोणच्याचं मीठ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं नव्हती आणि राजाचं नाव विचारलं तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत. त्या काळी एका घाटमाथ्यावर एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात म्हाळसाक्का नावाची बाई लोणचं घालायची.

लोणचं काय, घरोघरी घालतात, असं म्हणाल तुम्ही. थांबा जरा! म्हाळसाक्काची तऱ्हाच वेगळी. एका झाडाची कैरी एकाच बरणीत. ओढ्याकाठच्या झाडाची कैरी देवळामागच्या झाडाच्या कैरीत मिसळायची नाही, म्हणजे नाहीच. प्रत्येक झाडाचा आंबटपणा निराळा, म्हणून प्रत्येक बरणीचं मीठही निराळं. ते मीठ ती मापून घालत नसे. फोडींवर ओंजळ धरायची, डोळे मिटायची आणि मीठ सोडायची. पुरेसं झालं की बोटं आपली आपण मिटायची. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. हा हात तिला सासूनं दिला होता, आणि सासूला तिच्या सासूनं.

पावसाळ्यात त्या गावाचा घाट बंद व्हायचा. खालून भाजीचं एक पान वर यायचं नाही. मग अख्खा पावसाळा भाकरी आणि म्हाळसाक्काचं लोणचं, एवढंच. लोणचं बिघडलं तर गावानं कोरडी भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची.

गावात एक रिवाज होता. हंगामातली पहिली बरणी मुरली, की म्हाळसाक्का ती घरोघर वाटायची. बदल्यात कुणी धान्य द्यायचं, कुणी लोकर. आणि नेणाऱ्यानं लोणचं जेवणात खाऊन बघायचं, मग तिच्या उंबऱ्याशी येऊन आपलं मत सांगायचं. अगदी खरं सांगायचं, भीड म्हणून धरायची नाही.

सासू होती तोवर ही मतं सासू ऐकायची. 'बरं हो' म्हणायची, हसायची आणि आत निघून जायची. यंदा सासू नव्हती. यंदा उंबऱ्यात म्हाळसाक्का एकटी उभी होती.

पहिली आली कासारीण. तिचा नवरा भांडी घडवायचा. ती म्हणाली, "अक्का, राग मानू नकोस हं, पण खारट झालंय. घास तोंडात फिरेना."

मग आला बिरोजी धनगर. "अक्का, तिखटाचं काय झालं? मिरच्या महागल्या काय? लहान लेकराला भरवावं असं लोणचं केलंस बघ!"

शेवटी काठी टेकत आले गुरवआजोबा, देवळाची पूजा करणारे, गावातले सगळ्यांत वयस्क. त्यांनी खाली मान घातली आणि हळूच म्हणाले, "पोरी, खोटं कशाला बोलू? मला चवच लागली नाही."

झालं! म्हाळसाक्का तेवढंच धरून बसली. बाकीच्यांनी लोणच्याची तारीफ केली, तिकडे तिचं लक्षच गेलं नाही. आपलं असंच असतं ना? दहाजण छान म्हणतात, एकजण नाक मुरडतो, आणि आपण घरी घेऊन जातो ते मुरडलेलं नाक.

'सासूबाईंबरोबरच गेला वाटतं हात,' असं ती मनाशी म्हणाली.

तोवर बाकीच्या झाडांच्या कैऱ्या तयार झाल्या होत्या. म्हाळसाक्कानं बरण्या भरल्या. पण या खेपेला तिनं डोळे मिटले नाहीत. कासारणीचं तोंड आठवून मीठ अर्ध्यावर आणलं. बिरोजीला आठवून तिखटाचा लालभडक थर दिला. आजोबांना चव लागावी म्हणून हिंग, मेथी, लवंग, जे डब्यात सापडलं ते सगळं ओतलं. वर दादरा बांधला, म्हणजे बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडकं आवळलं, आणि हात जोडून म्हणाली, "आता तरी सगळ्यांच्या मनासारखं होऊ दे."

काही दिवसांनी घरात आंबूस वास सुटला. तिनं एक दादरा सोडला. वर पांढरी बुरशी, खाली फोडींचा लगदा. दुसरा सोडला, तेच. तिसरा सोडला, तेच. लोणच्यात मीठ नुसतं चवीला नसतं हो, ते फोडीला धरून ठेवतं. हे म्हाळसाक्काला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं! पण दुसऱ्याच्या बोलण्यानं माणूस एकदा बावरला, की त्याला ठाऊक असलेलंसुद्धा आठवत नाही.

सगळ्या बरण्या उकिरड्यावर गेल्या. म्हाळसाक्का रिकाम्या बरण्या धूत धाय मोकलून रडली. आता उरलं होतं एकच झाड, कड्यावरचं, सगळ्यांच्या मागून फळणारं. त्याची एक मोठी बरणी होईल, तिच्यावरच गावाला पावसाळा काढायचा. तीही बिघडली तर संपलं. तिनं कैऱ्या उतरवल्या, फोडी केल्या, मिठात हात घातला. कुणाचं ऐकावं? कासारणीचं? बिरोजीचं? की कुणाचंच नाही?

तिनं फोडींवर फडकं टाकलं आणि ती ताडकन उठली. "त्यांनाच जाऊन विचारते," म्हणाली. "लोणचं तर अजून आहे त्यांच्याकडे."

कासारणीकडे पोचली तेव्हा जेवणाची वेळ होती. कासारणीनं आग्रहानं तिला पानावर बसवलं. म्हाळसाक्कानं आमटीचा भुरका मारला आणि तिचे डोळेच पांढरे झाले.

"वहिनी, अगं, मिठाची पिशवी उपडी झाली की काय आमटीत?"

"छे गं! यांना अशीच लागते. दिवसभर भट्टीपुढे घामानं निथळतात. मीठ कमी पडलं की पायात गोळे येतात यांच्या. मीही तीच खाते, दोन आमट्या कुठं करत बसू?"

अशा आमटीबरोबर लोणचं खारटच लागणार, हे म्हाळसाक्काच्या ध्यानात आलं. तिनं भट्टीवरून जेवायला आलेल्या घामेजलेल्या कासाराकडे पाहिलं, त्याच्यासाठी खारट आमटी मुकाट्यानं खाणाऱ्या बायकोकडे पाहिलं. हिच्या 'खारट' या एका शब्दामागे एवढा संसार होता तर!

तिथून ती माळावर गेली. वारा असा, की उभं राहवेना. बिरोजी दगडाच्या आडोशाला बसून नाचणीची भाकरी खात होता. शेजारी मिरचीचा ठेचा, नुसत्या वासानं ठसका लागेल असा.

"हा खातोस रोज?"

"मग! अक्का, या वाऱ्यात हाडं गोठतात. हा पोटात गेला की ऊब येते. त्याच्यावर तुझं लोणचं गुळचट लागतं बघ. पण एक सांगू? फोड मी शेवटाला खातो. कोय तोंडात धरून मेंढरांमागं संध्याकाळपर्यंत चालतो. तेवढीच सोबत."

म्हाळसाक्कानं त्या उजाड माळाकडे पाहिलं. तेवढ्या अफाट जागेत एका माणसाला दिवसभर पुरणारी सोबत आपल्या बरणीतून आली, हे तिच्या मनात मावेना.

देवळाशी आली तेव्हा गुरवआजोबा ओसरीवर एकटेच बसले होते. वाटीत लोणच्याची फोड होती. ते ती खात नव्हते, नुसती नाकाशी धरून बसले होते.

"आजोबा, चव लागत नाही म्हणालात, मग हे काय?"

"पोरी, मोठा ताप आला होता ना मला, तेव्हापासून जिभेला काहीच कळत नाही. गूळ आणि माती सारखीच. मी तुझ्या लोणच्याला नावं ठेवली नाहीत गं, माझं दुःख सांगितलं. पण ही फोड जवळ आणली, की बघ..." त्यांनी सुरकुतलेल्या गालावर बोट ठेवलं. "तोंडाला पाणी सुटतं. जीभ विसरली, तोंड विसरलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ एवढं करतो आणि म्हणतो, आहे रे बाबा, अजून मी जिवंत आहे."

म्हाळसाक्का तिथंच पायरीवर बसली. झाड तेच, बरणी तीच, मीठ तेच. आणि तेच लोणचं एका घरी खारट, एका माळावर गुळचट, एका ओसरीवर बिनचवीचं! तिघंही खरं बोलत होते. एकानंही तिच्या हाताला दोष दिला नव्हता. प्रत्येकानं आपलं जगणं तिच्या उंबऱ्याशी आणून ठेवलं होतं, आणि ती वेडी त्यात आपली चूक शोधत बसली होती. तिनं वाकून आजोबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

घरी आली, फोडींवरचं फडकं काढलं. मिठाची ओंजळ धरली, डोळे मिटले. कड्यावरच्या झाडाची कैरी जहाल आंबट होती, तिला मीठ पुष्कळ लागलं. मग बोटं आपली आपण मिटली.

घाट बंद झाला. बरणी मुरली. म्हाळसाक्का स्वतः ती घेऊन घरोघर फिरली. कासारणीला म्हणाली, "वहिनी, आमटी उतरवलीस की तुझी वाटी आधी बाजूला काढ, मग त्यांच्यासाठी मीठ टाक." बिरोजीला फोडींबरोबर भाजलेल्या मिरच्यांची पूड दिली, "तुझं तिखट तू घाल, बाबा." आणि गुरवआजोबांकडे ती रोज सकाळी ताजी फोड घेऊन जायची, त्यांच्या तोंडाला पाणी सुटेपर्यंत शेजारी बसायची आणि मगच घरी परतायची.

त्या पावसाळ्यात गावात एकाही घरी कोरडी भाकरी गिळावी लागली नाही. रिवाजाप्रमाणे मतं सांगायला लोक आले, तेव्हा कुणी आंबट म्हणालं, कुणी जहाल म्हणालं. म्हाळसाक्का प्रत्येकाला घरात बोलवायची, पाट मांडायची आणि विचारायची, "बसा. आज जेवणात काय काय होतं, ते आधी सांगा."

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: मत प्रत्येकाचं मनापासून ऐकावं, पण ते कुठल्या ताटावरून आलं हे पाहिल्याशिवाय आपल्या बरणीचं मीठ बदलू नये.