पिट्टी आणि केसभर झिजलेला बोल्ट

एक होती पिट्टी. उंदराचं पिल्लू. अंगठ्याएवढी. शेपूट मात्र हे एवढं लांब.

पिट्टी राहायची हेलिकॉप्टरच्या कारखान्यात, खोक्यामागे. तिची आई रोज पुलावरून पलीकडे जायची, दाणे आणायला.

एक दिवस धरणाचे दरवाजे उघडले. नदी फुगली. पूल बुडाला. आई पळाली आणि बाभळीवर चढली. चहूकडे पाणी. मधे एकटी आई.

आई ओरडली, "चूं."

पिट्टीने ऐकलं. तिने दारातून पाहिलं, तर आई लांब झाडावर.

पाणी आलं बाभळीच्या मुळाशी. डुबुक डुबुक.

पिट्टी पळाली. टुकु टुकु, टुकु टुकु. मैदानात हेलिकॉप्टरकाका उभे होते.

"हेलिकॉप्टरकाका, हेलिकॉप्टरकाका,
माझी आई झाडावर,
झाडाभोवती पाणी.
उडा ना."

काका म्हणाले, "बोल्ट झिजला. उडणार नाही."

पिट्टीने बोल्ट पाहिला. चांगला तर होता. किती झिजला, तिने विचारलं. केसभर, काका म्हणाले. केसभराने काय होतंय, पिट्टी म्हणाली. मुलांनो, तुम्हीही हेच म्हणाला असता, मला माहीत आहे.

काका हळूच म्हणाले, "केसभर सैल, तर पंखा थरथरतो. पंखा थरथरला, तर मी पडतो. मग तुझ्या आईला कोण आणणार? जा बाळा, लेथबाईकडून नवा बोल्ट आण."

पाणी आलं बाभळीच्या बुंध्याशी. डुबुक डुबुक.

पिट्टी पळाली. टुकु टुकु, टुकु टुकु. लेथबाई पोलाद गरगर फिरवते आणि टोकदार टूलने कातते. बोल्ट तीच करते.

"लेथबाई, लेथबाई,
बोल्ट झिजला,
काका उडेना,
माझी आई झाडावर,
झाडाभोवती पाणी.
बोल्ट काता ना."

लेथबाई म्हणाली, "टूल बोथट. कातणार नाही."

बोथट टूलने बोल्ट ओबडधोबड होतो. ओबडधोबड बोल्ट लेथबाईने आजवर केला नव्हता. धार लावून आण, ती म्हणाली.

पाणी आलं खालच्या फांदीशी. डुबुक डुबुक.

पिट्टी पळाली. टुकु टुकु, टुकु टुकु. कोपऱ्यात ग्राइंडरदादा बसला होता. गोल गोल दगडाचा.

"ग्राइंडरदादा, ग्राइंडरदादा,
टूल बोथट,
लेथ कातेना,
बोल्ट झिजला,
काका उडेना,
माझी आई झाडावर,
झाडाभोवती पाणी.
धार लाव ना."

ग्राइंडरदादा म्हणाला, "पाणी नाही. धार लावणार नाही."

कोरडी धार लावली, तर टूल जळतं. बाहेर पाणीच पाणी, आणि इथे थेंब नाही. पिट्टीला रडूच आलं.

पाणी आलं मधल्या फांदीशी. डुबुक डुबुक.

पिट्टी पळाली. रडत रडत पळाली. टुकु टुकु, टुकु टुकु. भिंतीपाशी पंपआजोबा होते.

"पंपआजोबा, पंपआजोबा,
पाणी नाही,
ग्राइंडर धार लावेना,
टूल बोथट,
लेथ कातेना,
बोल्ट झिजला,
काका उडेना,
माझी आई झाडावर,
झाडाभोवती पाणी.
पाणी द्या ना."

पंपआजोबा खरखरले, "घसा अडकला. पाणी देणार नाही."

आजोबांच्या घशात लोखंडाचा कुरळा कीस अडकला होता. माणसाचा हात काही तिथे पोचत नव्हता.

आता कोणाकडे जायचं? पिट्टीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कोणीच उरलं नव्हतं.

लांबून आवाज आला, "चूं."

पिट्टी आजोबांच्या तोंडात शिरली. आत काळोख. आत बुळबुळीत. पिट्टीला भीती वाटली, खूप वाटली. तरी ती पुढे सरकली. तिने कीस दातात धरला. ओढला, ओढला, ओढला. फट्.

घसा मोकळा, पंपाने पाणी दिलं. भक् भक्.
पाणी मिळालं, ग्राइंडरने धार लावली. सुंई सुंई.
धार लागली, लेथने बोल्ट कातला. खर्र खर्र.

नवा कोरा बोल्ट. चकचकीत. लेथबाईने तो चिंधीत गुंडाळला. पिट्टीने चिंधी दातात धरली आणि पळाली.

थांबा, थांबा. न मापलेला बोल्ट काकांना चालत नाही. वाटेतच मापाची खोली होती. तिथे सगुणामावशी बसायच्या. त्यांच्यासमोर एक घड्याळासारखं यंत्र, त्याला एक काटा. काटा शून्यावर थांबला, तर माप बरोबर.

मावशींनी बोल्टला बोट लावलं. म्हणाल्या, "गरम आहे गं. गरम बोल्ट फुगलेला असतो. गार होऊ दे, मग खरं माप कळेल."

पाणी आलं वरच्या फांदीशी. डुबुक डुबुक.

पिट्टीने चिंधी ओढली. तिला तसंच पळायचं होतं. मावशींनी चिंधीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "खोटं माप घेऊन वर गेलीस, तर तशीच खाली येशील."

पिट्टी बसली. यंत्राला टेकून बसली. बोल्ट गार होईना. वेळ जाईना. आईचा "चूं" आता अगदी बारीक येत होता.

शेवटी बोल्ट गार झाला. मावशींनी तो काट्याखाली ठेवला. काटा हलला. थरथर, थरथर. थांबेचना. पुन्हा ठेवला. थरथर, थरथर.

मावशींनी पिट्टीकडे पाहिलं. पिट्टी कापत होती, म्हणून यंत्र कापत होतं.

"पिट्टे," मावशी हळू म्हणाल्या, "जरा श्वास धर."

पिट्टीने शेपूट अंगाभोवती गुंडाळलं. डोळे मिटले. भीती होती तशीच होती. पण पाय हलले नाहीत. मिशीसुद्धा हलली नाही.

काटा थांबला. बरोबर शून्यावर.

मावशींनी शिक्का मारला. टप्प. पिट्टीला खांद्यावर घेतलं आणि त्याच धावत गेल्या. जुना बोल्ट काढला, नवा बसवला. गच्च.

बोल्ट बसला, पिट्टीला घेऊन काका उडाले. भिर्र भिर्र, भिर्र भिर्र. पंखा थरथरला नाही.

पिट्टीने खाली पाहिलं. सगळं मातकट पाणी. मुळं नाहीत. बुंधा नाही. फांद्या नाहीत. बाभूळ कुठे गेली?

मग दिसला एवढासा शेंडा. शेंड्यावर एक भिजलेलं शेपूट.

काका खाली आले. अजून खाली आले. पाय पाण्याला लागेपर्यंत खाली आले.

"आई, उडी मार."

आईने उडी मारली.

पाणी आलं शेंड्यावर. डुबुक. शेंडा बुडाला.

पण शेंड्यावर आई नव्हती. आई पिट्टीपाशी होती.

भिर्र भिर्र गोष्ट उडाली,
पिट्टी आईच्या कुशीत दडली.