धुऊन कोरी केलेली हरकत

बुधवार, दुपारचा दीड. ओढेवाडीची ग्रामपंचायत. तिथे सटवाजी नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करी. गावाला भीती त्याचीच होती.

गावाचा ओढा निळा झाला होता. वरच्या अंगाला रद्दीपासून कागद बनवणारा कारखाना होता. रद्दीची धुतलेली शाई ओढ्यात येई. म्हशी पाण्याला तोंड लावीनात. आता कारखाना दुप्पट व्हायचा होता. सोमवारी तालुक्याला गावाची लेखी हरकत पोचली, तरच ते थांबणार होतं.

ग्रामसेवक हुलवळे भाऊसाहेब म्हणाले, “सटवाजी, एक बाजू वापरून कागद टाकू नकोस. पालथा करून दुसरीही वापर. झाडं वाचतात.”

“व्हय जी.”

गुरुवारी पंचायतीत एक पाहुणे साहेब जेवायला आले. पिठलं-भात झाला. सटवाजीने त्यांची पत्रावळ पालथी केली आणि तिच्यावर शिरा वाढला.

“गाढवा! एकदा वापरलं की फेकायचं!” भाऊसाहेब ओरडले.

“व्हय जी.”

शुक्रवारी सरपंच अनसूयाबाईंनी हरकतीवर सही करून पंचायतीचा शिक्का मारला. सटवाजीने शिक्का उचलला आणि विहिरीत फेकला.

“एकदा वापरला की, बाई!”

गळ टाकून शिक्का काढेपर्यंत दिवस मावळला. भाऊसाहेबांनी कपाळ बडवलं. “अरे, वापरलेलं फेकायचं नसतं! धुऊन पुन्हा नवं करायचं! त्या कारखान्यात बघ, रद्दीचासुद्धा कोरा कागद करतात. आणि ही हरकत घे. तीनशे बारा सह्या-अंगठे आहेत. सोमवारी तालुक्याच्या साहेबांच्या हातात दे.”

सटवाजीने कागद उलटापालटा करून पाहिला. दोन्ही बाजू वापरलेल्या.

रविवारभर तो राबला. शाई काढायला सात घागरी पाणी गेलं. भिजलेल्या कागदाचा लगदा काही वाळेना, म्हणून दारची बाभूळ तोडून जाळ केला.

बायको सगुणा म्हणाली, “अवं, वाण्याकडं नवा कागद मिळतो की!”

“नव्या कागदापायी झाड तोडावं लागतं, येडे,” सटवाजी म्हणाला आणि बाभळीची आणखी एक फांदी जाळात सारली.

सोमवारी साहेबांनी कागद उजेडात धरला. “हे काय?”

“ओढेवाडीची हरकत, साहेब.”

“यावर काहीच नाही.”

“एक अक्षर राहू दिलं नाही!”

“म्हणजे हरकत नाही?”

“हाय की! ओढा निळा झालाय. म्हशी पाणी पिईनात.”

“लेखी आहे का?”

“होतं की!”

साहेबांनी त्याच कागदावर लिहिलं, ‘हरकत निरंक.’ खाली सही केली.

सटवाजीची छाती फुगली. “बघा, लगेच वापरात आला!”

कारखाना दुप्पट झाला. ओढा निळा झाल्याचं साहेबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी ‘निरंक’ का लिहिलं, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.