खोगिराखालची अक्षरे

एका राज्यात घोडे उदंड होते, आणि घोड्याला हात लावणारा राजा मात्र एकही झाला नव्हता. तिथली रीतच तशी. मोतद्दारांनी खरारा करावा, चंदी घालावी, खोगीर कसावे, घोडा पायरीशी आणून उभा करावा. राजाने नुसते बसावे. घोड्याचा घाम राजाच्या हाताला लागला तर राज्याला उतरती कळा लागते, असे जुने लोक सांगत. कोणी पडताळून पाहिले नव्हते.

त्या राज्याचा राजा वज्रकेतू. त्याला एकच लेक, अकरा वर्षांची तारावली. तिला आई नव्हती. जे काही होते ते आबासाहेब होते. मुलगी गुणाची, पण भारी दचकणारी. पान सळसळले की दचके, ताट वाजले की दचके, स्वतःच्या पैंजणांनाही दचके. राजवंशात भीती वाटत नसते, असे दायांनी तिला बजावले होते. तेव्हापासून दचकली की ती खोकल्याचे नाटक करी. साऱ्या दरबाराला वाटे, राजकन्येला दमा आहे.

एके दिवशी राजाला खजिन्यात एक रत्नजडित खोगीर सापडले. कोण्या मांत्रिकाने घडवले, कोणी दडवले, ठाऊक नव्हते. राजाने ते आपल्या शुभ्रा घोडीवर चढवून घेतले आणि तीन दिवस त्यावर बसून मिरवला. चौथ्या दिवशी घोडीने त्याला चौकात पाडले, एका उडीत तट ओलांडला आणि खोगिरासकट ती काळ्या डोंगराकडे निघून गेली. राजा उठू गेला, उठवेना. पाहतात तो, पावलांचा दगड झालेला.

वैद्य झाले, मांत्रिक झाले, कोणाचे काही चालेना. शेवटी रखमाजी मोतद्दार हात जोडून पुढे आला. खोगिराच्या खालच्या अंगाला काही नक्षी होती, म्हणाला, आणि त्याने ती बोटाने धुळीत काढून दाखवली. राजपंडित वाकले आणि पांढरेफटक पडले. ती नक्षी नव्हती, अक्षरे होती. ज्यांना वाचता येई त्यांनी खोगीर कधी उलटे करून पाहिले नव्हते. जे रोज उलटे करीत त्यांना अक्षर कोणी शिकवले नव्हते.

अक्षरे अशी होती: 'माझ्याखाली जनावर काय सोसते हे न पाहता जो बसेल, तो दगड होईल. पाहील तेव्हाच सुटेल. दसऱ्याच्या सूर्यास्ताला दगड काळजाशी पोचेल. जो मला ओढेल त्याच्यासाठी मी आवळेन. जनावर ज्याच्यापाशी आपण होऊन उभे राहील, त्याच्याच हातून मी सुटेन.'

दसऱ्याला एकवीस दिवस होते. वीस स्वार फासे घेऊन डोंगरावर गेले. फासा पडला की खोगीर आवळे, आणि घोडीचा आक्रोश थेट नगरापर्यंत ऐकू येई. स्वार हात हलवीत परत आले.

तारावली गच्चीत रडत बसली असता कठड्यावर एक कोतवाल पक्षी येऊन बसला. काळा कुळकुळीत, शेपटी दुभंगलेली, जिभेला हाड नाही.

"मी गाईच्या पाठीवर बसतो, म्हशीच्या बसतो, शुभ्रेच्याही बसत होतो," तो म्हणाला. "मला कधी कोणी पाडलं नाही. मी येताना ओरडत येतो. तुमचे स्वार मुकाट्याने गेले. चोरासारखे."

मग त्याने तिला वारूबाईचा पत्ता सांगितला. सात माळ ओलांडले की आठव्या माळावर ही जादूगारीण राहते. पूर्वी ती माणसांचे घोडे करी. पुढे तिला त्याचा कंटाळा आला. आता ती घोड्यांकडून मुलांची माणसे करून घेई, आणि हे काम फार अवघड आहे असे म्हणे.

तारावलीने बापाच्या दगडी पावलांवर डोके ठेवले आणि ती निघाली. सात दिवसांत सात माळ चालली. आठव्या माळावर चौदा मुले होती, कोणी कुंभाराचे, कोणी धनगराचे, कोणी पाटलाचे, आणि सगळी शेणालिदीने माखलेली. मधोमध वारूबाई चाळणीने पाणी भरीत होती. एक थेंबही गळत नव्हता.

"भीती वाटते?" तिने विचारले.

"नाही," तारावली म्हणाली, आणि खोकली.

जवळचे तट्टू दोन पावले मागे सरले.

"बघ, त्याला पटलं नाही. तोंड नाही म्हणतं, अंग हो म्हणतं. अशा माणसापाशी कुठलं जनावर थांबेल? इथं एकच नेम आहे, पोरी. भीती लपवून घोड्याजवळ जायचं नाही. सांगून जायचं."

पहिले काम मिळाले ते त्याच तट्टाचे, ढगूचे चारी खूर साफ करण्याचे. ढगूचा पाय सात मल्लांनाही उचलता आला नव्हता. तो मनात नसले की पर्वताएवढा जड होई. तारावलीने तीन दिवस ओढला. हात सोलले, घामाने ओले झाले. ढगूच्या घामाने आपले हात भिजले हे लक्षात आले तेव्हा तिने चहूकडे पाहिले. राज्याला काही झाल्याचे दिसले नाही.

हौसा नावाची धनगराची पोर कुंपणावर बसून पाहत होती. "अगं राणीबाई," ती म्हणाली, "पाय मागायचा असतो. तू तर विहिरीतून बादली ओढतेस."

चौथ्या दिवशी तारावली ढगूच्या खांद्याशी उभी राहिली. त्याच्या लाथेची आपल्याला भीती वाटते हे तिने त्याला सांगितले, खांद्यापासून खाली हात फिरवीत नेला, पाय मागितला आणि वाट पाहिली. ढगूने विचार केला. मग पाय दिला, फुलासारखा हलका. खुरात खडा रुतला होता. तो तिने हलक्या हाताने काढला, तसे ढगूने तिच्या डोक्यावर तोंड टेकले.

कोतवाल येऊन सांगून गेला: राजाचे गुडघे गेले.

दुसरे काम बोरूच्या बनाचे. ढगूच्या उघड्या पाठीवर बसून ते पार करायचे. त्या बनात ज्याला ज्याची धास्ती, तेच बोरू बोलत. तारावली आत शिरली आणि चहूबाजूंनी बोरू कुजबुजले, दसरा उलटला, आबासाहेब गेले. ती दचकली, ढगू उधळला, ती चिखलात. रडत परत आली तेव्हा वारूबाईने एवढेच विचारले की पडल्यावर आधी कोणाकडे पाहिलेस. तारावलीने स्वतःच्या कोपराकडे पाहिले होते.

ती सहा वेळा पडली. सातव्या वेळी पडली तेव्हा उठून आधी ढगूचे पाय चाचपले. तो थरथरत होता. बोरू त्याच्याशीही बोलत होते, त्याच्या भाषेत, आणि हे तिला इतके दिवस सुचलेच नव्हते. तिने त्याच्या मानेला गाल लावला. दोघेही उभे राहिले. तिचा श्वास लांबला तसा त्याचा लांबला. मग ती वर चढली, आणि बोरू बोलतच राहिले, आणि ती दोघे पायापायाने बनापार झाली.

कोतवाल म्हणाला, कंबर गेली. दोन दिवस उरलेत.

तिसरे काम तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. वारूबाईने तिला ढगू दिला, आणि जो रस्ता पायी सात दिवसांचा होता तो ढगूने एका दिवसात कापला. दसऱ्याची पहाट फुटताना तारावली काळ्या डोंगरावर होती.

शुभ्रा कड्याशी उभी होती, हाडे वर आलेली, खोगिरातली रत्ने उन्हात झळझळणारी. तारावली शंभर पावलांवर थांबली आणि मोठ्याने आपले नाव सांगितले. मग वेळ जाऊ लागला, तिचा धीर सुटला, आणि ती घाईने पुढे धावली. त्या क्षणी खोगिराचा तंग करकचला. घोडी किंचाळून आणखी वर गेली.

तारावली मटकन बसली. पाठमोरी बसली. मागे न पाहता बोलू लागली. उशीर होईल याची भीती वाटते, म्हणाली. खोगिराखाली काय दिसेल याची तर त्याहून वाटते. ज्यांनी मला वाढवलं त्यांनी ते केलं आहे, आणि ते मला पाहावं लागेल. सूर्य माथ्यावर येईपर्यंत ती बोलत होती. बोलणे संपले तरी उठली नाही.

मानेवर ऊन श्वास आला. ती दचकली. "दचकले मी," ती हळूच म्हणाली. "तूही दचकतेस. ये."

शुभ्रा उभी राहिली. बोट लागताच तंग सुटला, खोगीर खाली पडले आणि त्याची रेती झाली. तारावलीने पाठ पाहिली. डोळे मिटावेसे वाटले, तिने मिटले नाहीत. दोरी लावली नाही. ती ढगूला घेऊन पुढे चालली, घोडी मागून आली.

सूर्य कलला होता. दगड राजाच्या छातीवर चढला होता. घोडी राजसभेत आलेली पाहून मंत्री उठले, रीत मोडली म्हणाले. राजाने डोळे घट्ट मिटले.

"बाजूला ने तिला," तो म्हणाला. "राजाने असलं पाहायचं नसतं."

"आबासाहेब, पाहायची भीती वाटते का?"

असा प्रश्न त्या सभेत कोणी कधी केला नव्हता.

"राजाला भीती वाटत नसते."

शुभ्रेने कान मागे पाडले आणि ती दाराकडे वळली. दगड बोटभर वर सरकला. तारावली बापाच्या कानाशी वाकली.

"मला सांगू नका. तिला सांगा. ती जाईल, आबासाहेब, खोटं बोललात तर ती जाईल. मग माझं कोण?"

राजाचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"शुभ्रे," तो म्हणाला, साऱ्या सभेच्या देखत, "मला भीती वाटते. मी काय केलं ते पाहायची."

घोडी थांबली. परत आली आणि त्याच्यासमोर आडवी उभी राहिली. राजाने डोळे उघडले. जिथे तो बसत असे तिथे कातडे उरले नव्हते. त्याने नजर वळवली नाही. खिडकीबाहेर सूर्य बुडाला तेव्हा तो पाहतच होता, आणि छातीवरचा दगड खपल्यांसारखा गळून पडला, मग कमरेचा, मग गुडघ्यांचा, शेवटी पावलांचा. उठता आले तसे त्याने कोमट पाणी मागवले. मोतद्दार धावले, तर त्यांना म्हणाला, कसं धुवायचं ते तेवढं सांगा. रखमाजीने सांगितले. राजाने धुतले.

पाठ भरता भरता पुढचा पावसाळा आला. वर्षभर राजा पायी हिंडला. पागेत रोज सकाळी राज्यातली मुले जमू लागली, सरदारांची आणि मोतद्दारांची एका रांगेत, आणि दुपारी त्याच पागेत सर्वांना अक्षरे शिकवली जाऊ लागली. सकाळचा घोड्यांचा धडा द्यायला हौसा आली. सरदारांच्या मुलांना तिने पहिला महिना लीदच काढायला लावली.

पुढच्या दसऱ्याला मिरवणूक निघाली. शुभ्रेच्या पाठीवर मऊ घोंगडी, त्यावर तारावली, आणि पुढे दोरी धरून राजा चालत होता. अगोदर मुजरा कोणाला करावा हे लोकांना कळेना. म्हणून त्यांनी घोडीला केला.

शुभ्रेची पाठ जशी भरून आली, तशा सोसणाऱ्या साऱ्यांच्या पाठी भरून येवोत, आणि पाहणाऱ्यांचे डोळे उघडे राहोत.