आवडाईनं देवीचा पातेरा जाळला

ऐका रे पोरांनो, आणि म्हाताऱ्यांनीही ऐका. तुमच्या पणज्याच्या पणज्यानंही पाहिली नसेल, एवढी जुनी गोष्ट. समुद्र आणि रेवाळी गाव यांच्यामध्ये सुरूचं बन होतं, देवीच्या नावानं राखलेलं. बन होतं म्हणून वाळू गावात शिरत नव्हती. तिथला पातेरा, म्हणजे झडलेल्या सुयांचा थरसुद्धा, कुणी हलवायचा नाही. हलवील त्याचा निर्वंश होईल, असं म्हणत.

एका साली परदेशी गलबत फुटलं आणि चीड नावाच्या परक्या झाडाचे ओंडके किनाऱ्याला लागले. ओंडक्यांच्या सालीतून माश्या निघाल्या. मादीच्या शेपटीला करवत! त्यांच्या मुलखातलं ते झाड इथं मिळेना, तेव्हा त्या सुरूवर बसल्या. सुई चिरायची, आत अंडी घालायची. पुढं अळ्या इतक्या झाल्या, की त्यांच्या कुरतडण्यापुढं समुद्राची गाज ऐकू येईना, असं म्हणतात. दोन वर्षांत बन बोडकं झालं. वाळूनं कडेची तीन घरं गिळली.

बनाची राखण आवडाई गुरवीण करायची. विधवा बाई, तोंडानं फटकळ. तिनं पातेरा उकरून पाहिला, तर खाली कोषच कोष. कीड देवीच्याच पांघरुणात झोपत होती.

"पातेरा जाळायला हवा," ती म्हणाली.

"आवडाबाय, डोकं फिरलं का तुझं?" खोत ओरडला. "द्वारकी बाळंतपणाला आलीय ना घरी? तिच्या पोटावर निखारे ठेवतेस?"

द्वारकी आवडाईची एकुलती एक लेक. पण वाळू चौथ्या दाराशी आली होती. ती देवीपुढं जाऊन म्हणाली, "आई, घ्यायचं तर मला घे. लेकीकडं बघू नकोस."

मग एकटीच पातेरा झाडून, ढीग करून जाळू लागली. गावानं दारं लावून घेतली. आठवडाभर बन धुमसलं, पण वरची एकही फांदी होरपळली नाही, असं म्हणतात. आठव्या दिवशी द्वारकीला मुलगा झाला. मेलेला. मागोमाग द्वारकीही गेली.

आवडाई रडली नाही म्हणतात, ते साफ खोटं. ती इतकी रडली की भरतीचं पाणी मागं सरलं. "घेतलंस ना? आता बन तरी ठेव!" एवढं बोलून ती राखेत बसली, ती उठलीच नाही. तिथंच सुरूला पहिले कोंब फुटले.

रेवाळीत आजही चैत्रात सगळं गाव बन झाडतं, पातेरा जाळतं. आणि बारशाला, नाव ठेवायच्या आधी, आत्या बाळाच्या कानात सांगते, "तू आवडाईचं नातवंड." खोतांच्या घरातसुद्धा.