सुंद्राबाईचे हात

गोदावरीच्या काठी करंजखेडे नावाचे लहानसे गाव. तेथील ख्रिस्ती वस्तीत शांतवनबाबांचा मुक्काम असे. बाबा पूर्वाश्रमीचे घोंगड्या विणणारे. प्रभू येशूची ओढ लागली आणि मागावरून उठून ते एकतारी घेऊन गावोगाव भजन करीत फिरू लागले. उतारवयात करंजखेड्यातच राहिले. ज्याच्या मनाला कुठे निवारा नाही, त्याने बाबांच्या ओसरीवर यावे, असे लोक म्हणत.

सुंद्राबाई अशीच तेथे आली होती. एके काळी ती पंचक्रोशीतली नावाजलेली सुईण. पण एकदा पाण्याच्या पाळीवरून तिचे धाकट्या जावेशी, मुक्ताशी, कडाक्याचे भांडण झाले. चारच दिवसांनी दिवस भरलेल्या मुक्ताचे पोट दुखू लागले. दोनदा बोलावणे आले. सुंद्राबाई भाकऱ्या थापत होती. "कळू दे तिला! माझ्या भाकऱ्या झाल्या की येते," असे म्हणून ती सावकाश थापत राहिली. ती पोहोचली तेव्हा मुक्ताही गेली होती आणि बाळही.

त्या दिवसापासून सुंद्राबाईच्या हातांना कंप सुटला. तिने सुईणपण सोडले. बाबांचे भजन ऐकून तिने बाप्तिस्मा घेतला. मात्र प्रार्थनामंदिरात येशूच्या स्मरणार्थ प्रभुभोजन होई, तेव्हा ती दाराशीच बसून राही. भाकर आणि प्याला तिच्या समोरून पुढे जात.

अखेर एका रविवारी बाबांनी तिला हात धरून पुढे आणले. तिने प्याला घेतला. हात असे थरथरले, की द्राक्षरस लुगड्यावर सांडला!

पुढच्या बाकावर एलीया मास्तर बसले होते. ख्रिस्ती मंडळीचे वडील म्हणजे पुढारी, शाळेचे हेडमास्तर. आपल्या आयुष्याला डाग म्हणून नाही, असे ते चारचौघांत सांगत. ते मोठ्याने म्हणाले, "पाहा! ज्या हातांनी दोन जीव घालवले, त्या हातांत प्रभूचा प्याला ठरेल कसा?"

कुणीतरी हसले. सुंद्राबाई पदर तोंडाशी धरून बाहेर पडली, ती मंदिरामागच्या कडुनिंबाखाली जाऊन बसली. बाबा मागोमाग आले आणि तिच्याजवळ जमिनीवर टेकले.

"बाबा, क्षमा झाली असती तर हे हात थांबले नसते का?"

बाबा म्हणाले, "बाई, केल्याची लाज वाटते तुला, हीसुद्धा देवाची कृपाच. ती गेली तर माणसाचा दगड होतो. पण प्रभूने क्रूसावर तुझा निकाल दिला. तो म्हणतो, क्षमा केली. आणि तू रोज म्हणतेस, नाही केली. त्याच्याहून तुझा शब्द मोठा का?"

"मग मुक्ताला विसरू म्हणता?"

"विसरू नको. प्रभू कबरेतून उठला, तेव्हा हातांवर खिळ्यांचे वण होतेच की! पण त्यांतून रक्त वाहत नव्हतं. त्याच हातांनी त्यानं शिष्यांना भाकर वाढली."

त्या रात्री, कितीतरी वर्षांनी, तिला शांत झोप लागली.

पुढे मार्गशीर्षात मास्तरांची लेक करुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एके दिवशी पहाटे तिला कळा सुरू झाल्या. मूल आडवे होते. शेजारच्या वाडीची सुईण सकाळीच हात टेकून निघून गेली. दवाखाना बारा कोसांवर. बैलगाडीचे धक्के पोरीला सोसणार नव्हते. मास्तरांच्या पत्नी रूथबाई पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "अहो, सुंद्राबाईला बोलवा." आणि मास्तरांचे एकच उत्तर: "ते हात माझ्या लेकीला लागणार नाहीत!"

दुपार झाली. करुणाचे कण्हणेही मंदावले. तेव्हा रूथबाई नवऱ्याला न विचारता अनवाणी धावत सुटल्या.

सुंद्राबाई चुलीपुढे होती. रूथबाईंचे तोंड पाहताच ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठली. पिठाने माखलेली बोटे लटलट कापत होती. वाटेत बाबांची ओसरी लागली.

"बाबा, जाते आहे. पण हे हात!"

"हात त्याचे आहेत. चल, मीही येतो."

मास्तर दारातच उभे होते. "बाई, आधी हात बघा आपले!"

सुंद्राबाईने दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. "मास्तर, हे हात पापी आहेत, खरं आहे. त्यांना क्षमा झाली आहे, हेही खरं आहे. आता बाजूला व्हा."

मास्तर बाजूला झाले.

बाबांनी अंगणात बसून एकतारी छेडली. आत सुंद्राबाईने हात धुतले, प्रभूचे नाव घेतले आणि करुणाच्या पोटावर हात ठेवले. आणि काय नवल! कंप थांबला! दिव्याची ज्योत वारा पडल्यावर स्थिर व्हावी, तसे ते हात स्थिर झाले. बोटांना सगळे आठवले. तिने हलक्या हाताने, कळ ओसरली की थोडे, पुन्हा थोडे, असे करत बाळाला फिरवून वाटेवर आणले. बाळ जन्मले ते निळेकाळे, निपचित. सुंद्राबाईने त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, पुन्हा फुंकर घातली. बाहेरचे भजन थांबले नव्हते.

आणि बाळ रडले! मुलगी होती. करुणाने डोळे उघडून क्षीण आवाजात विचारले, "आई, ही माझीच का गं?" रूथबाई हसतही होत्या आणि रडतही होत्या.

सुंद्राबाई अंगणात येऊन टेकली. कुणीतरी चहाची कपबशी दिली. ती तिच्या हातात पुन्हा किणकिणू लागली. तिने हातांकडे पाहिले आणि हसली. "असू दे. कामाच्या वेळी थांबले, पुष्कळ झालं," म्हणून ती बशीतला चहा सुखाने प्याली.

मास्तर मात्र भिंतीशी खिळल्यासारखे उभे होते. मग ते येऊन बाबांच्या पुढ्यात बसले. "बाबा, पहाटेपासून रूथ विनवत होती. माझ्या ताठ्यापायी मी लेकीला दुपारपर्यंत तळमळत ठेवलं. जे ह्या बाईंनी केलं, तेच मी आज केलं. फरक एवढाच, की माझी लेक वाचली."

"मास्तर, हे मला का सांगता?" बाबा हळूच म्हणाले. "ज्यांना सांगायचं, त्या इथंच बसल्या आहेत."

मास्तर वळले. सगळी वस्ती पाहत असताना त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून ठेवला. "बाई, मला क्षमा करा. देवापुढे पापी म्हणून कसं उभं राहायचं, ते मला ठाऊकच नाही."

सुंद्राबाई गडबडून गेली. "उठा मास्तर! मला कुठं मोठं काही येतंय? मी आपली एवढंच म्हणते, प्रभू, मी चुकले, आणि मी तुझीच आहे."

"एवढंच?"

"एवढंच. रोज दोन्ही म्हणायचं."

मास्तरांनी गुडघे टेकले, सारवलेल्या अंगणाला कपाळ लावले आणि अडखळत म्हणू लागले, "प्रभू, मी चुकलो, आणि मी तुझाच आहे."