डोंगरापलीकडचं बोलावणं

माळावरचं गवत माणसाच्या कमरेला लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. धनगराच्या ठिपक्या नावाच्या कुत्र्यानं शेवटचा लांडगा डोंगरापलीकडे पिटाळला आणि कळपात मिरवून घेतलं. म्हातारी मेंढी म्हणाली, "गुणाचं गं माझं लेकरू!"

पण धाक गेला तशी ससे-हरणं सोकावली आणि दोन वर्षांत त्यांनी माळ मुळापासून खरवडून खाल्ला. मेंढ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. धनगरानं ठिपक्याच्या गळ्यातला काट्यांचा पट्टा काढून पालाच्या खांबाला अडकवला आणि भाकरही अर्धी केली. "लांडगाच नाही, तर तुला पोसू कशाला?"

ठिपक्या डोंगर ओलांडून गेला. "लांडगेदादा, परत चला."

"म्हणजे तू पुन्हा मागं लागणार?"

"कळपाकडे वळलात तर फाडीनच. सशांमागं धावलात तर माझं लक्ष नसेल."

लांडगा हसला आणि निघाला.

पुढच्या पावसाळ्यात गवत गुडघ्याला आलं. एका संध्याकाळी माळावरून लांडग्याची हाळी आली. धनगरानं लगबगीनं पट्टा चढवला, ठिपक्यापुढे अख्खी भाकर टाकली.

"आला वाटतं मेला!" म्हातारी मेंढी थरथरली. "कुणी गं आणला ह्याला?"

ठिपक्याच्या तोंडात भाकर होती, म्हणून तो काही बोलला नाही.